थोरली, धाकटी आणि घरातली एकच लाइन

त्या घरात माणसं पाच आणि इंटरनेटची लाइन एक. दोन भाऊ, त्यांच्या दोन बायका आणि सासरे. भाऊ दोघेही सकाळी कामावर जायचे ते दिवस मावळला की उगवायचे. त्यामुळे भांडण चालवण्याची जबाबदारी बायकांवर होती, आणि दोघींनी त्यात कधी कसूर केली नाही. लग्नाला थोरलीच्या एकोणीस वर्षं झाली होती, धाकटीच्या सात. या सात वर्षांत दोघींमधून विस्तव गेला नाही.

थोरली वरच्या मजल्यावर बसून गेम सर्व्हर बसवायची. म्हणजे नक्की काय करायची, हे सासऱ्यांना अजून कळलेलं नव्हतं, म्हणून इथे एकदाच सांगून टाकलेलं बरं. पुष्कळ लोकांना एकाच खेळात एकत्र खेळायचं असेल तर तो खेळ कुठल्या तरी कायम चालू असणाऱ्या मशीनवर मांडून ठेवावा लागतो. मशीन भाड्याचं, कुठल्या तरी लांबच्या इमारतीतलं. तिथे जायचं नसतं. घरबसल्या त्यात खेळाच्या फायली नेऊन ठेवायच्या, खेळाडूंनी आधी उभं केलेलं जग असेल तर तेही हलवायचं, किल्ल्या ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या आणि दार उघडून मोकळं व्हायचं. थोरली स्वतः एकही खेळ खेळलेली नव्हती. खेळणाऱ्यांबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं. पण तसं तिचं मत कुणाबद्दलच चांगलं नव्हतं, तेव्हा त्यांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

धाकटी तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत मुलांना ऑनलाइन गणित शिकवायची. काळा फळा भिंतीला, लॅपटॉप स्टुलावर आणि दाराला आतून कडी. गणित तिला खरंच उत्तम यायचं. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर.

लाइन घरात येताना ऐसपैस होती आणि बाहेर जाताना चिंचोळी. बाहेरून काही ओढून घ्यायचं तर बघता बघता यायचं. घरातून बाहेर पाठवायचं म्हटलं की तासन्‌तास. मोठी लाइन द्या म्हणून कंपनीकडे खेपा घालून झाल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी, दातांच्या डॉक्टरच्या पाटीखाली जी पेटी आहे तिच्यात आता जागा नाही, नवी बसली की बघू, असं कंपनीचा माणूस दोन वर्षं सांगत होता. मोबाइलचं नेट म्हणावं तर तळमजल्यावर मागच्या खोलीच्या खिडकीत उभं राहिलं की जेमतेम एक रेघ, तीही बोलण्यापुरती. म्हणजे वर थोरलीने फायली पाठवायला घेतल्या की खाली धाकटीचा आवाज तुटायचा, आणि तुटलेला आवाज जोडण्यासाठी ती जिन्याखाली येऊन दुप्पट चढवायची.

यात थोरलीची चूक होती का? होती. तिच्या धंद्यातली बाकीची माणसं असं करत नसत. खेळ बनवणाऱ्या कंपनीची मोठी कोठारं असतात. सर्व्हरला नुसता हुकूम सोडायचा, तो आपला खेळ कोठारातून स्वतःच आणतो. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर काही हलवायचं असेल तर ती दोन मशीन्स आपापसात बघून घेतात, त्यांच्यामधल्या लाइनी दांडग्या असतात. थोरलीला हे सगळं ठाऊक होतं. पण ती प्रत्येक गोष्ट आधी आपल्या घरी ओढून आणायची, उघडायची, तपासायची, स्वतःच्या मशीनवर चालवून बघायची आणि मग त्या चिंचोळ्या वाटेने परत वर पाठवायची. साठ-साठ हजार बारीक फायली. प्रत्येकीने दार वाजवायचं, पलीकडच्याने कोण म्हणून विचारायचं, हिने नाव सांगायचं, त्याने आत घ्यायचं, मग पुढचीने दार वाजवायचं. नऊ तास, दहा तास. शिवाय वर बसवलेल्या प्रत्येक सर्व्हरवर दिवसभरात जे काही नवं होईल त्याची एक प्रत ती रोज घरी आणून ठेवायची. ते काम तिचं मशीन आपणहून सकाळी अकराला करायचं, कारण अकराला ती आंघोळीला जायची आणि त्या वेळी धाकटीचा तास नसायचा. गिऱ्हाइकं मागून तिला जकातनाका म्हणायची. तिला ते कळलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं.

या स्वभावाला कारण होतं. लग्नाआधी आणि नंतरही मिळून अकरा वर्षं ती एका पार्सल ऑफिसच्या गोदामात तपासनीस होती. एकदा घाईच्या दिवशी वरिष्ठांनी सांगितलं, या बावीस पेट्या ओळखीच्या पार्टीच्या आहेत, उघडत बसू नका, सही करा. तिने केली. पेट्यांमध्ये भिंगांच्या ऐवजी विटा निघाल्या. वरिष्ठांनी हात वर केले, कागदावर सही थोरलीची, नोकरी थोरलीची गेली. त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला तो कायमचा. साखरेच्या डब्याला कुलूप लावलं नाही एवढंच. डबे मात्र रोज उघडून बघायची.

भांडणाचे प्रकार सांगत बसलो तर पान पुरणार नाही. एकच सांगतो. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाचं काम पाठवताना नऊ तास होऊन गेले होते, शंभरातले त्र्याण्णव भाग वर पोचले होते, आणि धाकटीने जिन्याच्या वळणावरच्या राउटरची वायर सरळ उपटली.

"माझी मुलं अपूर्णांकात अडकलीयत, ताई. तुमचे खेळ उद्या गेले तरी चालतील."

"वायरीला हात लावायचा नाही."

"लावला. आता काय करणार?"

थोरलीने तोंडाने काही केलं नाही. राउटरची किल्ली, म्हणजे पासवर्ड, घरात फक्त तिलाच माहीत होती. तिने धाकटीच्या लॅपटॉपचा वाटा इतका कमी करून ठेवला की पुढचे चार दिवस धाकटी पडद्यावर मुलांना फोटोसारखी दिसत होती. पाचव्या दिवशी सासऱ्यांनी मध्ये पडून दोघींना समोर बसवलं. सासरे रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून निवृत्त झालेले. एका रुळावर एका वेळी एकच गाडी, यापलीकडे त्यांना न्याय माहीत नव्हता. त्यांनी वेळा वाटून दिल्या आणि वेळापत्रक राउटरच्या वर चिकटवलं. ते दोघींनीही रोज मोडलं.

मग तो शनिवार आला.

धाकटीला एका मोठ्या ऑनलाइन शाळेचं बोलावणं आलं. कायमची नोकरी. शनिवारी अकराला चाळीस मिनिटांचा नमुना तास, समोर चार मुलं आणि पाहायला तीन शिक्षिका. सात वर्षं ती शिकवण्या करत होती, पण 'शिकवणीवाली' आणि 'शाळेतल्या बाई' यांत फरक आहे, आणि तो फरक तिला जेवताना, झोपताना बोचायचा. सोमवारपासून तिने घरात सगळ्यांना शनिवार अकरा, शनिवार अकरा असं सांगून भंडावून सोडलं.

थोरलीचा शनिवारही ठरलेला होता. चष्म्याच्या दुकानात कामाला असलेला एक माणूस चाळीस खेळाडूंचा गट चालवायचा; त्याला सगळे कप्तान म्हणत. या चाळीस जणांनी पाच वर्षं खपून एका खेळात शहर उभं केलं होतं. ज्या मशीनवर ते होतं ती भाड्याची कंपनी बंद पडत होती आणि शनिवारी दुपारी बाराला सगळं पुसून टाकणार होती. खेळाडू शनिवारी नऊपर्यंत खेळणार, नऊला जुनं दार बंद, बाराला नवीन मशीनवर नवं दार उघडायचं. मधले तीन तास थोरलीचे.

गुरुवारी चहाच्या वेळी सासऱ्यांनी निकाल दिला.

"शनिवारी साडेदहा ते बारा लाइन धाकटीची. तू तिला हात लावायचा नाहीस."

"बाबा, माझंही काम त्याच वेळेचं आहे."

"तुझं काम रोजचं आहे. तिचं एकदाच आहे." कप खाली ठेवून ते पुढे म्हणाले, "आणि ऐक. शनिवारी तुझ्यामुळे तिचा तास मोडला तर सोमवारी मी वरची वायर काढून घेतो. लाइन माझ्या नावावर आहे. मग तुझा धंदा तू दुसरीकडे जाऊन कर."

धाकटी बशी पुसत होती. तिच्या पाठीवरसुद्धा समाधान दिसत होतं. दुसरीकडे म्हणजे कुठे? सत्तेचाळिसाव्या वर्षी, अशा तोंडाच्या बाईला, कुठल्या ऑफिसात कोण खुर्ची देणार होतं? ती वरची दहा बाय आठची खोली, ते टेबल आणि ती वायर, एवढाच तिचा संसारातला स्वतःचा भाग होता. बाकी सगळं समाईक होतं.

रात्रभर तिने गणित मांडलं. साठ हजार फायलींचं गाठोडं बांधून एकच फाइल केली तरी त्या वाटेने आठ तास. शुक्रवारी दुपारी कप्तानचा नेटवरून फोन आला.

"बाई, एक बोलू का? रागावू नका."

"रागावणारच आहे, बोल."

"दोन्ही मशीन्सना एकमेकांशी बोलू द्या ना. सगळे तसंच करतात. तुमच्या घरातून कशाला जायला हवं आमचं शहर?"

"कारण मी न बघितलेली वस्तू माझ्या नावावर पुढे जात नाही."

"बघा ना. तिथेच जाऊन बघा. पण घरी नेऊ नका. नाहीतर बाराला आमची पाच वर्षं पुसली जातील आणि तुम्ही चौथा भाग पाठवत बसला असाल."

तिने फोन आपटला. अर्ध्या तासाने, कुणी बघत नाही याची खात्री करून, शनिवारची रंगीत तालीम म्हणून तिने नव्या मशीनला हुकूम सोडला की खेळ कोठारातून तूच आण. चार मिनिटांत आला. मग जुन्या मशीनला नव्या मशीनची किल्ली दिली आणि सांगितलं, शहराचं गाठोडं तिथेच बांध, परस्पर पलीकडे टाक, आणि नव्याला सांगितलं, उघड. अकरा मिनिटं. तपासणी राहिली होती, तीही घरी न आणता झाली: दोन्ही मशीन्सना प्रत्येक फायलीचा एक ठशासारखा आकडा काढायला लावायचा आणि दोन याद्या ताडून बघायच्या. साठ हजारांत एक आकडा चुकला नाही. तिच्या घरच्या लाइनवरून गेल्या त्या फक्त पाच-सहा ओळी.

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. नऊ वर्षं ती उगाचच दहा-दहा तास टेबलाला खिळून बसली होती, धाकटीशी उगाचच घसा ताणून भांडली होती, आणि हे एका चष्म्यांच्या दुकानातल्या माणसाने सांगायचं? पण हाताला नवं कसब लागलं की माणूस थांबत नाही. त्याच झपाट्यात तिने रोज अकराला घरी प्रत आणणाऱ्या कामालाही वेग दिला. एकेक फाइल आणण्याऐवजी आठ-आठ एकदम आणायला लावलं. आणि नवं मशीन हाताखाली आलं की त्याचं नाव त्या कामाच्या यादीत घालायचं, ही सवय इतकी मुरलेली होती की तेही हातून होऊन गेलं.

शनिवारी नऊला जुनं दार बंद झालं. नऊ वीसला शहर नव्या मशीनवर होतं. दहाला याद्या जुळल्या. सव्वादहाला थोरलीने पडदा बंद केला, आणि पावणेअकरा उलटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आधी काम संपवलेली बाई जितकी खोडसाळ असते तितकी खोडसाळ होऊन जिना उतरली. धाकटी वळणावर राउटरचे दिवे मोजत उभी होती. इस्त्रीची साडी, हातात खडू, कपाळावर घाम.

"घाबरलीस?" थोरलीने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय? दहा पन्नास झालेत. तुमचं वर काही चालू नाही ना?"

"काही नाही. आज तुझा तास बिघडला तर लाइनचं नाव सांगता येणार नाही हो. आज काय ते तुझंच दिसणार. सात वर्षं मुलं पळून का जातात, तेही त्या तिघी बघतीलच."

धाकटीच्या हातातला खडू मोडला. "जा तुम्ही इथून," ती दात खाऊन म्हणाली आणि आत जाऊन कडी लावली.

आपल्यावर आळ यायला नको म्हणून थोरली मुद्दाम घराबाहेर, फाटकाजवळच्या पायरीवर जाऊन बसली. हात मांडीवर, सगळ्या गल्लीला दिसतील असे. आंघोळसुद्धा तिने पुढे ढकलली. सासरे दारात खुर्ची टाकून साक्षीला बसले होते. अकरा वाजले. आतून धाकटीचा आवाज येत होता, चढा, पण सलग. सव्वाअकराच्या सुमाराला तो थांबला. "ऐकू येतंय का? हॅलो? तुमचा आवाज येत नाहीये," असं चार-पाचदा ऐकू आलं, मग स्टूल सरकल्याचा आवाज, मग परत हॅलो. सासऱ्यांनी थोरलीकडे पाहिलं. तिने दोन्ही हात उचलून दाखवले.

पावणेबाराला कडी निघाली. धाकटी बाहेर आली ती सरळ थोरलीवर.

"काय केलंत?"

"मी इथे बसलेय. विचार बाबांना."

"वीस मिनिटं! वीस मिनिटं त्या तिघी नुसत्या ओठ हलवत होत्या. काय केलंत ते सांगा."

"हात जोडून बसले होते तुझ्यासाठी. उगाच तोंड सोडू नकोस."

"ती तिथेच होती," सासरे म्हणाले. "पण लाइन मोडली हे खरं. मग कुणी मोडली?"

"राउटरला विचारा," थोरली म्हणाली. तिला इतका जोर चढला होता की तिनेच लॅपटॉप आणला आणि वळणावर उभं राहून राउटरची नोंद उघडली. कुठल्या मशीनने किती वाजता किती ओढलं, सगळं त्यात असतं. सात वर्षांचे आळ एका पडद्यावर धुवून काढायची संधी होती. सासरे चष्मा लावून मागे उभे राहिले, धाकटी बाजूला. मशीनच्या नावांऐवजी नुसते आकडे होते, ते दोघांनाही कळणारे नव्हते. थोरलीला कळत होते.

अकराला तिच्या वरच्या मशीनने काम सुरू केलं होतं. तिने पडदा बंद केला होता, मशीन नाही. पहिली बारा-तेरा मिनिटं ते नव्या सर्व्हरवर काय काय आहे याची यादी करत होतं, आणि मग आठ हातांनी ते सगळं शहर घरी ओढायला लागलं होतं. अकरा तेरा ते अकरा बत्तीस. ऐसपैस लाइन पार भरून.

"काय म्हणतंय?" सासऱ्यांनी विचारलं.

वरची खोली तिला दिसली, वायर काढलेली.

"धाकटीच्याच लॅपटॉपने ओढलंय," ती म्हणाली. "अपडेट. आपोआप होतं ते. बंद करून ठेवायचं असतं."

तिला वाटलं होतं धाकटी फणकारेल, खोटं म्हणेल, निदान वायर उपटेल. धाकटी त्या आकड्यांकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला. "मी बघितलंच नाही ते," ती म्हणाली. "सगळं बघितलं आणि तेवढं राहिलं." मग थोरलीकडे न बघता, "तुम्हाला उगाच बोलले, ताई. चुकलं माझं." सात वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. म्हणून झाल्यावर धाकटी खोलीत गेली, आणि या वेळी तिने कडीसुद्धा लावली नाही.

थोरली वर गेली. बाराला शहराचं दार उघडलं, चाळीस माणसं आत आली, कप्तानने आनंदाने काय काय लिहिलं. ते तिने वाचलं नाही. बारा दहाला खालून एक हुंदका आला. शाळेचा संदेश आला होता: निवड होऊ शकत नाही, खेद आहे. दोन ओळी, कारण नाही. ते सासऱ्यांनी वाचून दाखवलं तेव्हा धाकटी म्हणत होती, "माझ्याच हाताने घालवली, बाबा. माझ्याच हाताने."

धाकटीने शिव्या घातल्या असत्या तर थोरली शेवटपर्यंत तोंड मिटून बसली असती, हे सांगून टाकतो. शिव्या तिला पचायच्या. हे पचेना. पंधरा मिनिटं ती खुर्चीत चुळबुळत राहिली, स्वतःवर आणि धाकटीवर सारखीच चिडत. मग जिना उतरून मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"अपडेट नव्हतं," ती म्हणाली. "माझं मशीन होतं. रोज अकराला घरी प्रत आणतं. मी बंद करायला विसरले. मघाशी खोटं बोलले."

सासरे हळूच म्हणाले, "सोमवारी वायर काढतो मी."

"मीच काढते. आजच."

धाकटी पलंगाच्या कडेला बसलेली होती. डोळे लाल, पण आता त्यांत पाणी नव्हतं. "मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "त्यांना सांगा." आणि फोन पुढे केला.

फोन लागायला खिडकीत उभं राहावं लागायचं. थोरली तिथे गेली, पाठ खोलीकडे. पलीकडे मुख्याध्यापिका होत्या. थोरलीने नाव सांगितलं, नातं सांगितलं, आणि घडाघडा सगळं ओतलं: चूक माझी, मशीन माझं, लाइन मी अडवली, तिला परत एकदा बघा.

"अहो, लाइन सगळ्यांचीच तुटते," बाई म्हणाल्या. "आमच्यातल्या एकीची रोज तुटते. त्यावरून आम्ही कुणाला नाही म्हणत नाही."

"मग?"

"तुम्ही घरच्या आहात म्हणून सांगते, पुढे काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. लाइन जायच्या आधीच आमचं ठरलं होतं. एका मुलीने तीच शंका दुसऱ्यांदा विचारली, तर तुमच्या जाऊबाई तिच्यावर अशा खेकसल्या की पोरगी रडायलाच लागली. विषय उत्तम येतो हो त्यांना. पण पहिल्या मिनिटापासून कुणाशी तरी भांडून आल्यासारख्या होत्या. मुलांपुढे असं चालत नाही."

थोरलीने फोन ठेवला. खिडकीबाहेर गल्ली होती, रिकामी. भांडून आल्यासारख्या. दहा पन्नासला, जिन्याच्या वळणावर, हातात खडू घेऊन उभ्या असलेल्या बाईला ती काय म्हणाली होती, ते शब्द तिला एकेक करून आठवले, आणि ते म्हणताना किती बरं वाटलं होतं तेही आठवलं. लाइन बिघडली त्यात तिचा हेतू नव्हता. याच्यात होता.

"काय म्हणाल्या?" धाकटीने विचारलं.

थोरली वळली. "लाइनमुळेच गेली म्हणाल्या. शिकवणं फार आवडलं होतं त्यांना. पण परत घेता येत नाही, त्यांचा नियम आहे."

धाकटीची मान ताठ झाली. मघापासून खाली पडलेले खांदे वर आले. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिली दहा मिनिटं काय रंगला होता तास."

"हो."

"तुम्हाला मी जन्मात माफ करणार नाही, ताई."

"नकोस करू," थोरली म्हणाली, आणि वायर काढायला वर गेली.